शंभरावा दिवस : कोरियन तरुणाईची प्रेमातील दिवसगणती

सोलमध्ये शिकत असताना माझ्या वर्गातील एका कोरियन मैत्रिणीने एका सोमवारी मला सांगितले, "आज आमचा तिसरा दिवस." ती आणि तिचा मित्र दोन महिने एकमेकांना भेटत होते, हे मला ठाऊक होते, म्हणून मी गोंधळून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ते नुसते भेटणे होते. त्याने विचारले शनिवारी."

या उत्तरातच तेथील डेटिंगची सगळी रचना आहे. ओळखीच्या कोणीतरी दोघांची गाठ घालून द्यायची, याला 'सोगेटिंग' म्हणतात. पुढच्या अनिश्चित काळाला 'सम' हे नाव आहे, आणि ते 'समथिंग' या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून आले आहे. त्यानंतर येते 'गोबेक', म्हणजे मनातले स्पष्ट शब्दांत सांगणे. होकार मिळाला की तो दिवस पहिला. आपण बारसे मोजताना जन्माचा दिवस धरतो, तसाच येथे होकाराचा दिवस धरला जातो.

परदेशी माणसाच्या डोळ्यांत मात्र आधी भरतात ते जोडप्यांचे एकसारखे कपडे, सोलमधील नामसान टॉवरच्या कठड्यावर जोडप्यांनी लावलेली कुलुपे, १४ फेब्रुवारीला मुलींनी आणि १४ मार्चला मुलांनी द्यायच्या भेटी, आणि १४ एप्रिलला एकट्यांनी खायचे जाजांगम्योन, म्हणजे काळ्या सॉसमधले नूडल्स. यात बाजाराचा वाटा मोठा आहे हे खरे. पण तेवढेच पाहून हा सारा देखावा आहे असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

कारण कोरियात नात्याला मान्यता देण्याचे काम दीर्घकाळ घराण्याकडे होते. ठरवून दाखवण्याचा कार्यक्रम, ज्याला 'मात्सॉन' म्हणतात, आणि पत्रिका जुळवण्यासारखे 'गुंगहाप' आजही आहेत. शिवाय एकच आडनाव आणि एकच मूळगाव असलेल्या कुळातील दोघांचा विवाह तेथील दिवाणी कायद्याला मान्य नव्हता. किमहे येथील किम कुळात ४० लाखांहून अधिक माणसे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या बंदीने किती जणांची वाट अडली असेल याची कल्पना येते. आपल्याकडे सगोत्र विवाहावरील कायदेशीर बंदी १९४६ मध्ये उठली. तेथे घटनात्मक न्यायालयाने ती १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि कायद्याचा मजकूर २००५ मध्ये बदलला. जिथे कुळ विचारूनच प्रेमात पडावे लागत होते, तिथे दोघांनी स्वतःच्या शब्दांनी नात्याचा आरंभ ठरवावा आणि तो चारचौघांत मोजावा, याला मी फार मोल देतो.

शंभराव्या दिवसाला ते 'पेगिल' म्हणतात, आणि हाच शब्द बाळाच्या शंभराव्या दिवसासाठीही आहे. पूर्वी अर्भके दगावत, म्हणून शंभर दिवस तगलेल्या बाळाचा सोहळा होई. नव्या नात्यालाही तशाच जपणुकीने मोजावे, ही भावना मला त्या शब्दात ऐकू येते.

आणि नाते तगण्याची कसोटी तेथे फार लवकर लागते, कारण मुलांना सक्तीची लष्करी सेवा आहे. भूदलात ती सुमारे १८ महिन्यांची असते. वाट पाहणाऱ्या मुलीला 'गोमुशिन', म्हणजे रबरी पादत्राण म्हणतात, आणि तिने नाते तोडले तर तिने पादत्राण उलटे घातले असे म्हणतात. माझ्या मैत्रिणीचा शंभरावा दिवस आला तेव्हा तिचा मित्र नोन्सानच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात होता. दोघांसाठी घेतलेल्या अंगठ्यांपैकी आपली तिने एकटीनेच बोटात घातली, आणि त्या दिवशीच्या पत्रावर तारखेच्या जागी फक्त १०० हा आकडा लिहिला.