आधी दोर, मग वार

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे अमेरिकेतल्या फ्लोरिडात रात्री होणाऱ्या अ‍ॅलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या जवळच्या भाईबंदाच्या, शिकारीबद्दल. १९६७ साली हा प्राणी नामशेष होण्याचा धोका असलेल्यांच्या यादीत गेला होता. १९८७ साली तो सावरल्याचं जाहीर झालं आणि १९८८ पासून फ्लोरिडात परवान्यावर शिकार सुरू झाली. खासगी जमिनीवरचा हिशेब मात्र निराळा. तिथे मालकाने अर्ज करायचा. पाणथळ किती, जनावरं किती हे पाहून राज्याचं वन्यजीव खातं टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायचा बिल्ला, देतं. टॅग नसेल तर शिकार नाही, मग तळं बापजाद्यांचं का असेना.

रात्रच का? दिवसा काठावर पहुडलेलं जनावर चाहूल लागताच पाण्यात सरकतं. अंधारात त्याचे डोळे त्याला उघडे पाडतात. विजेरीचा झोत पडला की ते निखाऱ्यासारखे लाल चमकतात. पण विजेरी कमरेजवळ धरून चालत नाही. उजेड आला त्याच वाटेने परततो, म्हणून ती आपल्या डोळ्यांच्या रेषेत, कपाळावर किंवा गालाशी धरावी. बारीक हिरवट चमक बहुधा कोळी किड्याची निघते, तिच्यामागे नाव नेऊ नये.

आता आकार. पाण्यावर दिसतात फक्त डोळे आणि नाकपुड्या. त्या दोहोंत जितके इंच अंतर, तितके फूट लांबी. आठ इंच दिसले तर जनावर साधारण आठ फुटी. नवखा माणूस हे अंतर हमखास जास्त धरतो. अंधारात सगळंच मोठं वाटतं.

जवळ जाताना इंजिन बंद करून बांबूने नाव रेटावी. झोत जनावरावर स्थिर ठेवावा आणि कुणी उजेडाच्या आड येऊ नये. जबड्यावरच्या बारीक ठिपक्यांनी त्याला पाण्यातली हालचाल कळते, त्यामुळे नावेत पाय आपटला तरी ते बुडी मारतं. बुडालं तरी घाई नको. तळाच्या चिखलातून जाताना बुडबुड्यांची माळ वर येते, तिच्यावर नजर ठेवावी.

हार्पूनचं, म्हणजे फेकायच्या भाल्याचं, टोक दांड्यापासून सुटणारं असतं. त्याला दोर आणि दोराला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. नेम पाठीवर धरू नये. तिथल्या खवल्यांखाली हाड असतं, टोक घसरतं. डोक्यामागे, मानेच्या बाजूला कातडी मऊ असते. टोक रुतलं की दोर मोकळा सोडावा, हाताला गुंडाळू नये. बोया ओढून ओढून जनावर दमतं. मग दुसरा दोर लावावा, कारण पहिलं टोक ऐन नावेशी निसटू शकतं.

मोकळ्या जनावराला आधी गोळी घातली तर ते मरून तळाला जातं आणि काळ्या पाण्यात हाती लागत नाही. म्हणून सार्वजनिक पाण्यात बँगस्टिक, म्हणजे टोकाला काडतूस असलेला, दाबला की बार उडणारा दांडा, जनावर दोरावर आल्याशिवाय वापरताच येत नाही. खासगी परवान्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वाचाव्यात. पण हा क्रम तिथेही सोडू नये.

बार कवटीच्या मागच्या कडेला, मधोमध, किंचित पुढच्या रोखाने आणि पाण्याच्या पातळीखाली उडवावा. वर उडवला तर तुकडे अंगावर येतात. मेंदू अगदी लहान. बोटभर चुकलं की जनावर नुसतं बधिर होतं आणि नावेत घेतल्यावर जागं होतं. अपघात होतात ते इथे. म्हणून नावेत घेण्याआधी जबड्याला चिकटपट्टीचे चार-पाच घट्ट वेढे द्यावेत. जबडा मिटण्याची ताकद अफाट, उघडण्याची फारच थोडी, त्यामुळे पट्टी पुरते. त्यानंतर कवटीमागे सुरीने मज्जारज्जू तोडावा. तरीही शेपूट बराच वेळ झटके देतं, तिच्या टप्प्यात कुणी बसू नये.

टॅग लगेच लावायचा, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत. मांस-कातडीचं काम होईपर्यंत तो काढायचा नाही. फ्लोरिडाचा उन्हाळी दमटपणा आपल्या कोकणाची आठवण करून देणारा; उजाडायच्या आत जनावर बर्फात गेलं पाहिजे. तोवर अंगावर ओलं गोणपाट टाकावं आणि काठावरून फरफटत नेऊ नये. भाव पोटाच्या कातडीला असतो आणि ओरखडे तिथेच पडतात.