पाऊस नाही, तरी वायपर चालू

[दृश्य : फ्रिमाँट, कॅलिफोर्निया. लख्ख ऊन, सामसूम रस्ता. स्टिअरिंगवर अडुसष्ट वर्षांचे काका. कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरताहेत.]

निवेदन :
काकांना फक्त डावीकडे वळायचं होतं.

साताऱ्यात तीस वर्षं मारुती चालवली. तिथे इंडिकेटर उजव्या हाताला, इथे डाव्या. बोटांना ते अजून कळलेलं नाही. शेजारी बसलेली सून हसू दाबत खिडकीबाहेर बघते.

मुलाकडे कायमचं राहायला आलेल्या आईवडिलांचं गाडं बहुधा दुधापाशी अडतं. दुकान दोन मैलांवर. मुलगा म्हणतो, ‘शनिवारी नेतो, बाबा.’ दूध संपतं सोमवारी.

चार दिवस पाहुणे म्हणून आलात तर भारतातलं लायसन्स चालतं. मुक्काम कायमचा झाला की मात्र १० दिवसांत इथलं काढायचं, असा नियम.

[दृश्य : डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, ऑफिस. भिंतीवर टोकन नंबर झळकतोय.]

लेखी परीक्षेत ३६ प्रश्न, त्यातले ३० बरोबर यायला हवेत. काका निवृत्त शिक्षक. पुस्तिका पेन्सिलीने रंगवून काढली आणि पहिल्याच फटक्यात पास झाले. परमिट मिळालं, पण परमिटवर एकट्याने गाडी काढता येत नाही. शेजारी इथला लायसन्सवाला हवा. म्हणून सून.

रोड टेस्टला मात्र काका नापास. स्टॉपच्या पाटीशी गाडी हळू झाली, पूर्ण थांबली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ‘थांबायचं कुणासाठी?’ हा त्यांचा प्रश्न आजही कायम आहे. गंमत म्हणजे अशा अर्धवट थांबण्याला अमेरिकेत ‘कॅलिफोर्निया स्टॉप’ म्हणतात. म्हणजे ही खोड काही साताऱ्याहून आलेली नाही!

[दृश्य : घराची बैठक. काका मानेचे व्यायाम करताहेत.]

हाही अभ्यासच. लेन बदलताना आरशात बघणं पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. आरशात न दिसणाऱ्या जागेत नेमका सायकलवाला असतो. परीक्षक बघतो ती तुमची मान. स्पाँडिलायटिसवाल्याने काय करावं? रोज सकाळी दहा मिनिटं, डावीकडे, उजवीकडे.

मग चारी बाजूंना स्टॉपची पाटी असलेला चौक. सिग्नल नाही, पोलीस नाही. जो आधी आला तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला वाट. आपल्याकडे ज्याने आधी नाक घातलं त्याचा चौक. काका उलट्या टोकाला गेले, हात करून सगळ्यांना ‘तुम्ही जा, तुम्ही जा’. त्यानेही गोंधळच.

डावीकडे वळायला चौकात थांबलात तर चाकं सरळ ठेवा. आधीच वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात ढकलली जाते. हे काकांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टेबलावर दोन काडेपेट्या मांडून स्वतःच काकूंना समजावलं.

खरा धोका गर्दीत नाही, मोकळ्या रस्त्यावर आहे. पुढे एखादी गाडी असली की माणूस तिच्या मागे नीट उजवीकडून जातो. पहाटे पार्किंगमधून एकटं बाहेर पडलं की हात आपोआप डावी बाजू धरतात. पायी रस्ता ओलांडतानाही तेच, इथे आधी डावीकडे बघायचं.

आणि मागे पोलिसांचे दिवे लुकलुकले, तर उजव्या कडेला थांबा, हात स्टिअरिंगवर ठेवा. कागद घेऊन साहेबांकडे जायला उतरू नका. आपल्याकडचं ते अदबीचं उतरणं इथे पोलिसाला धोक्याचं वाटू शकतं.

[दृश्य : नवं लायसन्स, फ्रिजवर मॅग्नेटखाली.]

दुसऱ्या खेपेला काका पास झाले. रात्री ते चालवत नाहीत. मोतीबिंदू पिकत आलाय, समोरचे दिवे फुटतात. फ्रीवेचं, म्हणजे इथल्या भरधाव महामार्गाचं, नाव अजून काढलेलं नाही.

काकूंनी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही. त्यांच्या बोटांना विसरायचं असं काहीच नाही. परवा त्यांनी ती पेन्सिलीने रंगवलेली पुस्तिका मागून घेतली.