बोलत बोलत बेचाळीस किलोमीटर

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी आटोपली की नागपुरात पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. फुटाळ्याचा काठ, अंबाझरीचा रस्ता आणि सेमिनरी हिल्सचा चढ साडेपाचलाच जागा होतो. त्यांतील अनेकांना घरची माणसे आणि मित्र बरोबर घेऊन पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावण्याची इच्छा असते. अशा मंडळींना माझे एकच सांगणे आहे : सोबत धावताना बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. चालू वेगात पूर्ण वाक्य बोलता आले, तर तो वेग आपल्याला झेपणारा आहे. दोन शब्दांनंतर धाप लागली, तर तो वेग मॅरेथॉनच्या शेवटापर्यंत टिकणार नाही.

सोबतीची गरज केवळ हौशी धावपटूंना असते, असेही नाही. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचे धावपटू एलियुड किपचोगे यांनी हे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तेव्हा त्यांच्यासाठी ४१ धावपटू आळीपाळीने वेग राखत होते, आणि अशी बदलती सोबत नियमांत बसत नसल्यामुळे तो अधिकृत विश्वविक्रम मानला गेला नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा, वहिनी, माझा भाचा आणि मी असे चौघे मुंबईच्या मॅरेथॉनसाठी हिवाळाभर एकत्र सराव करीत होतो. आमच्यात वहिनींचा वेग सर्वांत कमी होता, म्हणून तोच सर्वांचा वेग ठरला. भाच्याला ते जड गेले, परंतु त्याने ते पाळले. दादा मात्र सेमिनरी हिल्सच्या चढावरसुद्धा अखंड बोलत असत : कोणत्या स्थानकावरचा चहा चांगला, कोणती गाडी कुठे बाजूला काढून उभी करीत, हे सारे आम्हाला त्या चढावर पाठ झाले.

मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते. नागपूरच्या कोरड्या थंडीत घाम लगेच वाळतो आणि शरीर निवते. मुंबईत तो अंगावरच राहतो. पहिले तीस किलोमीटर ठीक गेले. त्यानंतर, परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला आणि दादा बोलायचे थांबले. मला वाटले, चढ आहे, श्वास राखत असतील. वहिनी लगेच म्हणाल्या, ‘‘अहो, नागपूरहून निघालेल्या गाडीची स्थानके सांगा बरं.’’ दादांनी अजनी सांगितले, बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम, वर्धा सांगितले आणि तिथून थेट बडनेऱ्याला पोहोचले. पुलगाव, धामणगाव, चांदूर, तिन्ही राहून गेली. ज्या माणसाने आयुष्य त्या मार्गावर काढले, तो पुलगाव विसरणे शक्य नव्हते. वहिनींनी त्यांचा दंड धरून त्यांना थांबवले. दादा रागावले, ‘‘मला काही झालेलं नाही,’’ असे म्हणत राहिले, पण वहिनींनी ऐकले नाही. भाचा पुढे धावत जाऊन वैद्यकीय मदत-केंद्रावरच्या डॉक्टरांना सांगून आला. दादांना सावलीत बसवून मानेवर बर्फ ठेवला, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले. बऱ्याच वेळाने त्यांनी आपणहून पुन्हा स्थानके म्हणायला सुरुवात केली, आणि या वेळी पुलगाव आले, धामणगाव आले, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर करीत ते थेट भुसावळला पोहोचले. डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिल्यावर उरलेले अंतर आम्ही चौघांनी चालत पूर्ण केले. भाच्याची वेळ गेली. त्याने त्याविषयी आजतागायत एक शब्द काढलेला नाही, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत शरीरातला साखरेचा साठा संपत येतो आणि उष्माही साचलेला असतो. बोलण्यातला गोंधळ ही त्या वेळची धोक्याची खूण आहे, आणि ज्याचा गोंधळ होतो त्याला ती स्वतःला जाणवत नाही. ती ओळखतो तो रोज आपले बोलणे ऐकणारा माणूस. म्हणून कानात गाणी घालून धावण्याची तरुणांची सवय मला मुळीच पसंत नाही. शेजारचा गप्प झाला, हे अशा कानांना कळत नाही. गोंधळ दिसला तर थांबवावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. ‘‘थोडेच राहिले आहे’’ म्हणून पुढे ओढत नेऊ नये.

सरावाविषयी थोडक्यात सांगतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, लांब पल्ला धावावा आणि तो हळूहळू वाढवावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी तांब्यामागून तांब्या नुसते पाणी पिणेही घातक ठरू शकते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करावे. आणि पुन्हा सांगतो : बोलता येईल इतक्याच वेगाने, सर्वांत संथ असलेल्याच्या वेगाने धावावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावे, आणि हे या आठवड्यातच करून घ्यावे, कारण जानेवारीतल्या शर्यतीसाठी लांब पल्ल्याचे रविवार आता मोजकेच उरले आहेत.