वरचं काही सांगू नका

हा बदामीचा दगड. कर्नाटकातला, लालसर वालुकाश्म. थंडी पडली की पुण्या-मुंबईचे क्लाइंबर सॅका पाठीला मारून इकडे येतात, कारण आपल्या सह्याद्रीत कातळ चढताना धरलेला होल्ड हातात निघून तर येत नाही ना हे आधी ठोकून बघावं लागतं, इथं दगड बऱ्यापैकी घट्ट, शिवाय दोर अडकवायला बोल्ट मारलेले.

आता खाली ही मुलगी बघा. दहा मिनिटं झाली, नुसती वर बघत हवेत हात हलवतेय. वेड नाही लागलेलं, रूट म्हणजे चढायची वाट वाचतेय ती. उजवा हात त्या आडव्या खाचेत, मग डावा पाय वर, मग... मग काय ते वर गेल्यावरच कळणार. तिला हा रूट ऑनसाइट मारायचाय. म्हणजे आधी कधी चढलेला नाही, कुणाला चढताना बघितलेलं नाही, कुणाला विचारलेलं नाही आणि तरी पहिल्याच झटक्यात, न पडता टॉप. कुणी सांगितलं असेल तर तो फ्लॅश. आणि एकदा पडलात की नंतर शंभर वेळा चढा, त्या रूटचा ऑनसाइट गेला तो गेलाच.

क्लाइंबिंग वर्ल्ड कपच्या लीड फायनलला, म्हणजे दोर लावत उंच भिंत चढायच्या प्रकारात, सगळ्यांना आधी आयसोलेशनमध्ये, भिंत दिसणार नाही अशा जागी बसवतात, भिंत वाचायला फक्त ६ मिनिटं. इथं कसलं आयसोलेशन, शेजारचा एखादा दादा "अगं डावीकडे मोठा होल्ड आहे" म्हणून ओरडतो आणि बोंबललं सगळं.

२०१३ मध्ये ॲलेक्स मेगोस या १९ वर्षांच्या जर्मन पोरानं स्पेनमध्ये सिउरानाला ९ए ग्रेडचा, म्हणजे महाअवघड रूट असा मारला, त्या ग्रेडचा जगातला पहिला ऑनसाइट. भलेभले लोक असल्या एका रूटवर महिनेच्या महिने घालवतात!

बरं, घामानं हात सटकू नये म्हणून लावतात त्या चॉकच्या पुडीचं काय? आधीच्यांच्या हातांचे पांढरे डाग दगडावर दिसतातच की. ते चालतं म्हणे. मला विचाराल तर अर्धी कॉपीच आहे ती, पण गंमत अशी की फसव्या होल्डवर पण तेवढाच चॉक असतो, कारण सगळे तिथंच फसलेले असतात.

चौथा बोल्ट. खालून खोबण वाटलेली ती नुसती सावली निघाली. हात भरून आलेत, एक हात सोडून झटकतेय, पाय थरथरतोय.

खाली बिले देणारा, म्हणजे ती पडली तर दोरानं तिला धरणारा मित्र गेल्या वर्षी हाच रूट चढलाय. होल्ड कुठंय ते त्याला माहितीये. दोर धरून गप्प उभाय.