वडे-सागोती: पाहुणे यायच्या आधीचे तीन तास

[दृश्य: परसातली चूल, सकाळचं ऊन]

पाहुणे दुपारी एकला जेवायला येणार असतील, तर सिंधुदुर्गातल्या घरात चूल दहालाच पेटते. आज टोपात सागोतीसाठी, म्हणजे वड्यांबरोबरच्या रश्श्यासाठी, गावठी कोंबडा आहे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत बाजारात येतो आणि अर्ध्या तासात शिजतो. हा गडी सहा-सात महिने परसात उकरत, कुंपणावर उड्या मारत वाढलेला. त्याचं मांस चिवट, शिकारीच्या मांसासारखं. रानातली शिकार आता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तिला लागायची तीच मंद आच आणि तोच धीर या कोंबड्यालाही लागतो.

[दृश्य: पिसं काढणारे हात]

पिसं काढायला पाणी कढत हवं, खळखळ उकळतं नको. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. कातडी जपायची, कारण रश्श्याला लागणारी चरबी तिच्याखालीच असते. उरलेली लव पेंढ्याच्या जाळावर भाजायची, मग हळद चोळून धुवायचं. पोट उघडताना कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी सांभाळा. ती फुटली, तर डागाळलेला भाग कापूनच टाकावा. कडवटपणा धुऊन जात नाही.

साफ केलेलं मांस १ किलो धरू. त्याला १ चमचा हळद, २ चमचे मीठ आणि हिरवं वाटण लावायचं: १५ लसूण पाकळ्या, २ इंच आलं, ४ मिरच्या, मूठभर कोथिंबीर. अर्धा तास झाकून ठेवा.

[दृश्य: टोपावर पाण्याने भरलेलं ताट]

३ पळ्या तेलात एक कांदा परतून मांस टाकायचं. आधी त्याचं स्वतःचं पाणी सुटेल, ते आटेपर्यंत हलवत राहा. मग टोपावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी भरायचं. आत वाफ कोंडते, वरचं पाणी तापतं, आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत ओतता येतं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वेळ वाढतो. सव्वा ते दीड तास लागेल. कुकरमध्ये लवकर होईल, पण शिट्ट्या मोजून कोंबड्याचं वय कळत नाही. एक शिट्टी जास्त झाली तर हाडं वेगळी आणि चोथा वेगळा.

तंगडीकडे बघा. हाडाचं टोक उघडं पडून मांस वर सरकलं, की भाजलेलं वाटण घालायची वेळ झाली. त्याआधी घाई केली, तर खोबरं तळाला लागतं आणि मांस कच्चंच राहतं.

[दृश्य: तव्यावरचं खोबरं, अगदी जवळून]

वाटणाला २ कांदे आणि १ वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस. दोन्ही वेगवेगळं भाजायचं. कांदा गडद तपकिरी होईपर्यंत. अर्धवट राहिला तर रस्सा गोडसर लागतो. खोबरं मात्र बदामी रंगावर लगेच ताटात काढा. आच बंद केली तरी तापलेला तवा त्याला जाळत राहतो, आणि जळकं खोबरं सगळा टोप कडू करतं. थोडं पाणी घालून गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर रश्श्याचं पाणी वेगळं दिसतं.

वाटण आणि ३ चमचे मालवणी मसाला घालून १५ मिनिटं मंद उकळी. टोमॅटो नको. कडेने तेल सुटलं की उतरवून झाकून ठेवा. मुरता मुरता रस्सा दाट होतो, म्हणून उतरवताना थोडा पातळच असावा.

[दृश्य: केळीच्या पानावर थापलेला वडा]

वडे पाहुण्यांनी हातपाय धुतल्यावरच तळायचे. तांदूळ, उडीद डाळ, चणाडाळ, धणे आणि मेथीचं पीठ गरम पाण्यात आधीच घट्ट मळून ठेवलेलं असतं. वडा फुगला नाही, तर बहुतेक वेळा तेल पुरेसं तापलेलं नसतं किंवा थापताना कड पातळ आणि मध्य जाड राहिलेला असतो.

[दृश्य: पंगत]

तंगडी पाहुण्यांच्या ताटात. मान आणि पाठ घरच्यांच्या वाट्याला. खरी चव मानेच्या हाडाशी असते, पण ते पाहुण्यांना कोणी सांगत नाही.