दादर टीटी : मुंबईच्या ट्रामची कहाणी

दादर पूर्वेला खोदादाद सर्कलपाशी बस आली की प्रवासी आजही ‘टीटी आलं’ म्हणत उठतात. या दोन अक्षरांचा अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ट्राम टर्मिनस, म्हणजे ट्रामचा शेवटचा थांबा. ती ट्राम बंद होऊन साठ वर्षे उलटली, पण ठिकाणाचे नाव तिच्याच मालकीचे राहिले आहे.

मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या बळावर. ९ मे १८७४ रोजी बॉम्बे ट्रामवे कंपनीने दोन मार्गांवर गाड्या सुरू केल्या. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. आरंभी भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि तिकिटेही सुरू झाली.

एक किंवा दोन घोडे माणसांनी भरलेला एवढा मोठा डबा ओढू शकत, याचे रहस्य रस्त्यात बसवलेल्या रुळांत होते. खडीच्या रस्त्यावर चाक रुतते, अडखळते आणि जनावराची बरीचशी ताकद त्यातच खर्ची पडते. गुळगुळीत लोखंडी रुळावर लोखंडी चाक मात्र थोड्या जोराने फिरते, आणि त्यामुळे तेच जनावर कितीतरी अधिक भार ओढू शकते. हे रूळ रस्त्याच्या पातळीतच बसवलेले आणि खाचेचे असल्याने बैलगाड्या, व्हिक्टोरिया म्हणजे भाड्याच्या घोडागाड्या आणि पायी चालणारी माणसे त्यांवरून बिनदिक्कत ये-जा करीत.

तरीही मुंबईच्या उन्हात आणि दमट हवेत हे काम घोड्यांना फार जड होते. एक जोडी दिवसभर जुंपून ठेवता येत नसे. ती थकली की ताजी जोडी लागे, आणि म्हणून गाड्यांच्या कितीतरी पट घोडे पदरी ठेवावे लागत. १९०५ साली कंपनीचा कारभार संपला तेव्हा तिच्याकडे १,३६० घोडे होते. त्या सर्वांचा चारा, पाणी, नालबंदी, तबेले आणि मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर यांचा पसारा डोळ्यांसमोर आणला, तर हे शहर तीस वर्षे कोणाच्या पाठीवर धावत होते ते ध्यानात येते. मुंबईच्या इतिहासात गिरणीमालकांची आणि गव्हर्नरांची नावे आहेत. या मुक्या जनावरांचीही आठवण तितक्याच आदराने ठेवली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात घोड्यांची ट्राम एकट्या मुंबईतच नव्हती. नाशिक रोड स्थानकापासून नाशिक गावापर्यंत १८८९ पासून अशीच ट्राम धावत होती आणि ती पुढे चार दशकांहून अधिक काळ टिकली.

विजेची ट्राम आणण्यात मद्रासने १८९५ साली पहिले पाऊल टाकले, कलकत्त्यात ती १९०२ साली आली, आणि मुंबईत ७ मे १९०७ रोजी. जुन्या कंपनीचा कारभार १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ या नव्या कंपनीने हाती घेतला होता. डोक्यावरच्या तारेला टेकलेल्या दांड्यातून वीज गाडीत उतरे, मोटर फिरवी आणि चाकांवाटे रुळांतून परत जाई. आजवर केवळ चाकाला आधार देणारा रूळ आता विजेच्या परतीची वाटही झाला.

याच काळात शहराला पसरण्याची निकड लागली होती. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे भय प्रत्येक घरात पोहोचवले होते, आणि त्यानंतर शहराच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. तिथे राहून कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या कचेरीत रोज वेळेवर पोहोचायचे, तर स्वस्त आणि भरवशाचे वाहन हवे. आगगाडीच्या जोडीला ते काम ट्रामने केले, आणि ‘टीटी’ नेमके याच नव्या वसाहतींच्या दाराशी आले. गर्दी एवढी वाढली की १९२० साली दुमजली ट्राम आणाव्या लागल्या.

१९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुरू झाली, तेव्हा ती ट्रामच्या मुळावर येईल असे फारसे कोणाला वाटले नसेल. परंतु बसला रस्ता बदलता येतो, अडथळ्याला वळसा घालता येतो; ट्रामला ते साधत नाही. मोटारी वाढल्या, आणि ज्या रुळांनी घोड्यांचे ओझे हलके केले होते, तेच आता वाहतुकीची अडचण मानले जाऊ लागले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि तिच्या नावात ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आला. ‘बेस्ट’ हे आद्याक्षरी नाव तसेच राहिले, पण त्यातल्या शेवटच्या अक्षराने ट्रामची साथ सोडली, ती प्रत्यक्ष ट्राम थांबण्याच्या जवळजवळ सतरा वर्षे आधी. मध्यंतरी १९६२ साली रुळांविना, केवळ तारांवर चालणारी ट्रॉलीबसही आणून पाहिली गेली, पण तीही दशकभरापेक्षा अधिक टिकली नाही.

त्या काळच्या अडचणी खऱ्या होत्या, हे मान्य करूनही कलकत्त्याप्रमाणे निदान एखादा मार्ग मुंबईने जपायला हवा होता, ही हळहळ आमच्या मनातून जात नाही.

३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरकडे निघाली. गाडीत माणसे दाटीवाटीने उभी होती, आणि तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या कडेलाही लोक जमले होते. ती टीटीला पोहोचली आणि मुंबईच्या ट्रामची नव्वद वर्षे तिथे पुरी झाली. त्यानंतर कित्येक रस्त्यांवर रुळांवरूनच डांबर पसरले गेले. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचे काम चालू असताना जमीन खणली गेली, तेव्हा त्या डांबराखाली ते रूळ अजून होते.