काचेवरचं शेवाळ आणि पिशवीतला सकर

(दृश्य: दिवाणखान्यातली माशांची दोन फुटी टाकी. काचेवर तपकिरी थर. एक बोट आतून रेघ ओढतं.)

टाकी घरी येऊन तिसरा आठवडा लागला की काचेवर असा तपकिरी मळ धरायला लागतो. बोटाने पुसला तर निघतो, दोन दिवसांत पुन्हा हजर. फिल्टरच्या नळीवर, वाळूवर, प्लास्टिकच्या किल्ल्यावरही. गप्पी आणि टेट्रा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. घरातली मंडळी मात्र बघतात, आणि "पाणी बदललं नाहीस का?" हा प्रश्न टाकीच्या मालकाला पहिल्यांदा ऐकावा लागतो तो याच आठवड्यात.

मग दुकान. तिथे या तक्रारीवर औषध ठरलेलं आहे. "एक सकर टाका साहेब. सगळं साफ करून ठेवतो." शेजारच्या टाकीत काचेला तोंड लावून बसलेला, बोटाएवढा, काळपट ठिपक्यांचा मासा. किंमत किरकोळ. पिशवीत पाणी, वर रबरबँड, झालं.

(दृश्य: सकर माशाचं तोंड, काचेच्या बाहेरून, अगदी जवळून.)

सकर म्हणून आपल्या बाजारात विकला जातो तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या गटातला मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. शौकीन लोक त्याला प्लेको म्हणतात. अंगावर खवल्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं. त्या वाटीने तो काच धरतो आणि बारीक दातांनी खरवडतो. लहान असताना शेवाळ खातो, हे खरंच आहे. दुकानदार खोटं बोलत नाही. तो फक्त माशाचं वय सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

हाच मासा फूटभर होतो. सव्वा, दीड फुटाचेही होतात.

आता टाकीचं गणित करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट, काठोकाठ भरली तर साधारण 56 लीटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी पन्नासच्या आत. एक फूट रुंदीच्या टाकीत एक फूट लांबीच्या माशाने वळायचं कसं?

शिवाय तो वाढतो तसा शेवाळाचा नाद सोडतो आणि तळाला पडलेलं माशांचं खाद्य खायला लागतो. खातो भरपूर, बाहेरही तेवढंच टाकतो. त्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खत. शेवाळ खायला आणलेला मासा शेवाळाची शेती करतो! टाकीवाल्यांच्या घराघरात हा विनोद वर्षानुवर्षं चालू आहे.

(दृश्य: बादली. नदीचा घाट. संध्याकाळ.)

मोठा झालेला सकर दुकानदार परत घेत नाही. मारवत नाही. मग एक दिवस बादली उचलली जाते, आणि मासा जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. सोडणाऱ्याच्या मनात पाप नसतं. उलट जीव वाचवल्याचं समाधान असतं.

पण हा जीव वाचवावा लागतच नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर टेरिगोप्लिक्थिस वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून, म्हणजे अक्षरशः जठरातून, श्वास घेतो. पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि नर ती राखतो. पाठीचा काटा ताठ केला की त्याला गिळायला कोणी धजावत नाही. भीमेवरच्या उजनी जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात हा येतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत, आंध्रच्या तळ्यांत तो आहेच. जाळ्यात काटे अडकले की मासा सोडवायचा तर जाळं फाटतं, आणि इतकी खटपट करून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण आहे, एकेकाळी तिलापियाच्या मासेमारीसाठी नावाजलेलं. तिथली मासेमारी या माशाने मोडकळीला आणली. तिथले लोक त्याला सैतान मासा म्हणतात.

एवढ्या मोठ्या वाटेची सुरुवात काचेवरच्या तपकिरी मळापासून झाली होती, म्हणून पुन्हा तिथेच जाऊ.

(दृश्य: भिंगातून दिसणारं शेवाळ. तपकिरी, हिरवं, काळं.)

तो मळ म्हणजे डायटम, एकपेशी तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत तो येतोच, आणि बहुतेक वेळा टाकी दोन-तीन महिन्यांची झाली की आपोआप कमी होतो. त्याच्यासाठी मासा आणायची घाई करू नये. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके वेगळे, ते नखानेच निघतात. पाण्यालाच हिरवा रंग चढला असेल तर ते तरंगतं शेवाळ, कुठलाही मासा ते खरवडू शकत नाही. पानांच्या कडेला दाढीसारखे काळे झुपके आले असतील, तर ते लाल शेवाळाच्या कुळातले. पटत नसेल तर एक झुपका स्पिरिटमध्ये बुडवा, हिरवा रंग उतरतो आणि आतला तांबूस दिसायला लागतो. आणि निळसर हिरवी, कुबट वासाची, सायीसारखी उचलून येणारी चादर असेल, तर ते शेवाळ नाहीच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्याला तोंड लावणारा मासा दुकानात मिळणार नाही.

म्हणजे आपल्या टाकीत काय उगवलंय, हे दुकानाची पायरी चढण्याआधी बघायचं.

काळ्या दाढीवर चालणारा मासा एकच सांगता येईल, सयामी अल्गी ईटर. शास्त्रीय नाव क्रॉसोचेलस. आणि खरी फसगत होते ती इथेच, कारण याच्यासारखे दिसणारे आणखी दोन मासे त्याच नावावर खपवले जातात.

(दृश्य: तीन मासे, एकाखाली एक.)

वरचा खरा सयामी. काळा पट्टा नाकापासून निघतो आणि शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो. पर पारदर्शक. मधला फ्लाइंग फॉक्स. त्याच्या काळ्या पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ असते आणि परांवर काळी-पांढरी नक्षी. दिसायला देखणा, पण मोठा झाला की आपली हद्द राखतो. खालचा चायनीज अल्गी ईटर. नावात चीन असला तरी हा थायलंड आणि मेकाँगच्या खोऱ्याकडचा. याची पिवळीधमक जात सोनेरी सकर म्हणून विकली जाते, आणि पोरं हट्टाने तीच मागतात.

हा तिसरा मासा जरा निरखून बघण्यासारखा आहे. तोंडाने दगड धरून ठेवायचा तर श्वास घ्यायचा कसा? त्यासाठी त्याच्या कल्ल्याला वरच्या बाजूला एक जादा फट असते. पाणी तिथून आत येतं, खालून बाहेर जातं, तोंड दगडावरून उचलावंच लागत नाही. वाहत्या नदीत ही अप्रतिम सोय आहे. आपल्या टाकीत हीच सोय दुसऱ्या माशांच्या जिवावर उठते. मोठा झालेला चायनीज अल्गी ईटर, आणि तो वीतभरापेक्षा मोठा होतो, एंजल किंवा गोल्डफिशसारख्या रुंद, संथ माशाच्या अंगाला चिकटतो आणि त्याच्या कातडीवरचा बुळबुळीत थर चाटतो. त्या थराखाली जखम होते, जखमेवर बुरशी. सकाळी उठून बघावं तर एंजल एका कोपऱ्यात तिरका झालेला. गिऱ्हाईक म्हणतं, आजार आला. आजार आपणच पिशवीतून आणलेला असतो.

खऱ्या सयामीबद्दलही पूर्ण सत्य सांगायला हवं. तो पाच-सहा इंच होतो, चपळ असतो, त्याला तीन फुटी टाकी बरी. आणि वय वाढलं की गोळी खाद्याची चटक लागून काम टाळायला लागतो.

(दृश्य: पानाच्या मागे चिकटलेले चिमुकले ओटो.)

मग दोन फुटी टाकीत, गप्पी-टेट्राच्या सोबतीला काय ठेवावं? माझं मत विचाराल तर दोनच नावं.

पहिलं ओटोसिंक्लस, लाडाने ओटो. जेमतेम दीड इंचाचा, शांत, पानावर बसून दिवसभर मऊ शेवाळ टिपणारा. एकटा राहात नाही, सहा तरी हवेत. पण हा बहुतेक करून जंगली पाण्यातून धरून आणलेला असतो आणि वाटेत उपाशी राहिलेला. म्हणून दुकानात पोट बघायचं. काचेला चिकटला की पोट दिसतंच. गोल असेल तर घ्या, आत गेलेलं असेल तर कितीही दया आली तरी घेऊ नका. आणि नव्या चकचकीत टाकीत तर नकोच. तिथे त्याला खायला काहीच नसतं.

दुसरं ब्रिसलनोज, म्हणजे ॲन्सिस्ट्रस. सकरचाच चुलतभाऊ, पण चार-पाच इंचांवर थांबणारा. नराच्या तोंडावर मऊ काट्यांची झुलपं उगवतात, त्यामुळे तो सुंदर म्हणता येत नाही. दोन फुटी टाकीत एकच ठेवावा. लपायला लाकडाचा ओंडका द्यावा, आणि शेवाळ संपलं की स्वयंपाकघरातून काकडीची चकती किंवा वाफवलेला पालक. रात्री टाकायचं आणि उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर पाणी नासतं.

मॉली येता-जाता तोंड मारते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. नेराइट गोगलगाय काच उत्तम साफ करते, गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत म्हणून संख्या वाढत नाही, पण दगडांवर पांढरी अंडी चिकटवून ठेवते आणि ती निघता निघत नाहीत. अमानो कोळंबीला जपानच्या ताकाशी अमानोचं नाव मिळालं. पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणाऱ्या या माणसाने ती शेवाळासाठी वापरून जगभर नेली. एंजल असलेल्या टाकीत मात्र ती सफाई कामगार कमी आणि जेवण जास्त.

(दृश्य: सह्याद्रीतला ओढा. पाण्याखालचा खडक. त्यावर चिकटलेला मासा.)

शेवाळ खरवडणारा मासा आपल्याकडे नाही असं नाही. हा मळ्या. खालच्या ओठामागे गोल चकती, तिच्या जोरावर पावसाळी ओढ्यातही खडक सोडत नाही. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच लॅटिनमध्ये घातली. खुद्री, फुलंगी, आणि आपल्या मळ्याचं मुल्या. 1839 साली दिलेलं ते मुल्या अजून टिकून आहे, आज जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी हा गारा मुल्या आहे.

म्हणून ओढ्यातून धरून टाकीत आणावा का? नाही. त्याला धावतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. 20 अंश तापमानाच्या एका लीटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात आपल्या दिवाणखान्यातली टाकी तिशी सहज ओलांडते. तो ओढ्यातच बरा दिसतो.

(दृश्य: टाकी. दिव्याला टायमर लावणारा हात.)

या घरात शेवटी काय केलं ते सांगतो. खिडकीतलं ऊन थेट पडत होतं, टाकी तिथून हलवली. दिवा बारा तास जळायचा, तो सात तासांवर आणला. खाद्याची चिमूट अर्धी केली. दर रविवारी पाव टाकी पाणी बदललं. दीड महिन्याने तपकिरी थर विरळ झाला. थोडं हिरवं उरलं तेव्हा एक ब्रिसलनोज आणायला आम्ही त्याच दुकानात गेलो.

(दृश्य: दुकान. गर्दी. एक आजोबा आणि नात.)

आमच्या आधी एक आजोबा उभे होते. नात सोनेरी सकरकडे बोट दाखवत होती. दुकानदाराने जाळी उचलली, पिशवी फुगवली. आजोबांनी सहज विचारलं, "हा केवढा होतो हो?"

दुकानदार क्षणभर थांबला. मग त्याने डाव्या हाताचं मधलं बोट ताठ केलं, आणि उजवा हात मनगट ओलांडून वर नेला.

"एवढा. जपलात तर अजून."

जाळी पाण्यातच राहिली. नात आता टेट्राच्या टाकीकडे बघत होती.